बातमीखाली नाव

अहो,

तुम्हाला पत्र लिहायचं तर सुरुवात कशी करायची, इथेच अडले. लग्न झाल्यापासून तुम्हाला कधी नावाने हाक मारली नाही. आता नाव घेतलं तरी ओ द्यायला तुम्ही नाही. म्हणून आपलं नेहमीचं 'अहो'च बरं.

रविवारची दुपार आहे. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलंय. शिवानी आत झोपेचं सोंग घेऊन पडली आहे. उद्या सोमवार. उद्याच्या परिपाठात आपल्या लेकीने सगळ्या शाळेसमोर माईकवर उभं राहून म्हणायचं आहे, की मी वाचलेली बातमी खोटी होती. तसा कागद तयार आहे. त्यावर माझी सही तेवढी राहिली आहे. मी कोणाला विचारू? तुमच्या समाधीपाशी येऊन बसावं तर शेतात सोयाबीन काढायला बाया आल्यात. त्यांच्यादेखत मी मातीशी बोलायला लागले तर गावाला आणखी एक विषय मिळायचा. म्हणून लिहायला बसले. अक्षर तुम्ही चिडवायचात तसं मुंग्यांचंच आहे, बारीक, चालवून घ्या.

आणि खरं सांगू? मला तुमचा राग आलाय. हे सगळं तुमच्यामुळे झालंय!

आठवतंय ना, संध्याकाळी तुम्ही पुड्या बांधायला बसलात की ही साखरेच्या पोत्यावर चढून बसायची. रद्दीतला पेपर जिऱ्या-मोहरीखाली जाण्याआधी तिने तो मोठ्याने वाचायचा, असा तुम्हा बापलेकीचा नेम. कुठल्या कुठल्या शहरातल्या बातम्या! आणि प्रत्येक बातमीनंतर तुमचा ठरलेला प्रश्न, "कोण म्हन्लं हे? त्यानं डोळ्यानं बघितलं का?" पोरगी बिचारी पुन्हा पहिल्या ओळीपासून शोधायला लागायची, कोण म्हणालं ते. नाहीच सापडलं तर तुम्ही खुशाल म्हणायचात, "मंग बांध त्याच्यात मोहरी." मी आत भाकरी थापताना हसायचे. हा खेळ पुढे एवढा महागात पडेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आणि तो तुमचा फळा! दुकानाच्या पायरीला टेकवून ठेवलेला. एसटी रद्द झाली, डीपी जळाली, नळाला पाणी कधी येणार, कोणाच्या घरी लेक झाली, कोण वारलं, सगळं त्यावर. लोक खरं तर फळा वाचायलाच यायचे आणि लाजेकाजेस्तव एखादी काडेपेटी घेऊन जायचे. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्या घरी आधी जाऊन यायचात, आणि मग खाली 'अप्पा' अशी सही ठोकायचात. मी एकदा म्हटलं, अख्ख्या गावाला माहीत आहे कोण लिहितं ते, मग सही कशाला? तर म्हणालात, "नाव न्हाई तर ती बातमी न्हाई, पारावरची कुजबुज हाय."

एकदा गुरांच्या शिबिराचा वार तुम्ही चुकीचा लिहिलात. लोक म्हशी हाकत आले आणि डॉक्टर आदल्या दिवशीच येऊन गेलेले. दुसरा कोणी असता तर गुपचूप फळा पुसून मोकळा झाला असता. तुम्ही चूक जेवढ्या मोठ्या अक्षरात लिहिली होती तेवढ्याच मोठ्या अक्षरात 'माझी चूक झाली' असं लिहिलंत आणि आठवडाभर तसंच ठेवलंत. येणारा-जाणारा हसायचा. शिवानीलाच शेवटी लाज वाटली. "पप्पा, आता पुसू का?" म्हणाली. तुम्ही काय म्हणालात ते तिला अजून पाठ आहे. "चूक असंल तर लिहून दुरुस्त करायचं. बरोबर असंल तर कुनाच्या बापासाठी पुसायचं न्हाई." तुम्ही बोलून गेलात निवांत. ते वाक्य घेऊन जगायचं मात्र आम्हाला आलंय.

तुम्ही गेल्यावर फळा माझ्याकडे आला. त्यावर हल्ली 'ताजे दही मिळेल' एवढंच असतं. तेही बारीक अक्षरात, एका कोपऱ्यात.

आता मुख्य सांगते. आपल्या शाळेचे हेडमास्तर, कदम सर, त्यांच्याशी आपलं वाकडं आलं आहे. कसं वाटतं ऐकून? मला तर ते लिहितानाही हात जड होतोय. त्या सकाळी तुमच्या छातीत कळ आली तेव्हा तोच माणूस परिपाठ अर्धा सोडून गाडी घेऊन दारात आला. तुम्हाला उचलून आत ठेवलं. परभणीपर्यंत तुम्ही पोचलाच नाहीत. तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मला कळलं होतं. सरांनाही आरशातून कळलं होतं. तरी त्यांनी दवाखाना येईपर्यंत गाडी तशीच पळवली, जणू अजून काही होईल. संध्याकाळी तुम्हाला मातीत बसवल्यावर समाधीत बेल वाहायला भावजींच्या मागे सर उभे होते, आणि ते रडत होते हो, लपवत नव्हते.

त्यानंतर शिवानी बोलेनाशी झाली. हे तुम्हाला कसं कळणार? जेव म्हटलं तर जेवायची, झोप म्हटलं तर झोपायची. शाळेत जाऊन बाकावर बसून यायची. मुकी झाली होती पोर. मी बेल वाहिला, नवस बोलले, काही झालं नाही. मग एक दिवस सर दुकानात आले. म्हणाले, "वैनी, उद्यापासून परिपाठात बातम्या हिनं वाचायच्या. आवाज अप्पाचाच हाय, तो असा वाया जाऊ द्यायचा न्हाई." तिच्यासाठी त्यांनी शाळेत 'विद्यार्थी वार्ता मंडळ' काढलं. व्हरांड्यात एक फलक लावून दिला आणि हिला संपादक केलं. पहिल्या दिवशी तिने माईकवर तोंड उघडलं तेव्हा मी दुकान सोडून शाळेच्या कुंपणाशी उभी होते. ज्या माणसाने माझ्या लेकीला आवाज परत दिला, त्याच माणसाविषयी तिने तो वापरला. काय म्हणायचं याला?

परिपाठ तुम्हाला माहीतच आहे. प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, मग बातम्या. पेपर एसटीने येईस्तोवर परिपाठ उरकलेला असतो, म्हणून शाळेत वाचतात त्या कालच्या. जगाच्या, देशाच्या, राज्याच्या शिळ्या बातम्या ऐकायच्या आणि पोरांनी वर्गात जायचं. हिने त्यात आपलं एक जोडलं. शेवटी म्हणायची, "आणि आता आपल्या शाळेची ताजी बातमी." आठवीच्या वर्गातला पंखा सुरू झाला. कबड्डीचा संघ सोनपेठला हरला. विज्ञानाच्या सरांना मुलगी झाली, अभिनंदन. पोरं त्या एका बातमीसाठी कान टवकारून बसायला लागली. सरही कौतुकाने मान हलवायचे.

मग सानिया आजारी पडली. शेख भाभींची सानिया हो, शाळेला लागून घर आहे ती. तुमच्याकडून चिंचेच्या गोळ्या घेऊन दात किडवून घेतलेली. शिवानीच्याच बाकावर बसते. ताप उतरेना म्हणून तिला गंगाखेडच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणी किती पितेस? तर म्हणाली, शाळा असली की पीतच नाही. का? तर जायचं कुठं? घर शेजारी असलं तरी शाळा सुटेस्तोवर घरी सोडत नाहीत.

शाळेत मुलींसाठी नवी बाथरूमं बांधली आहेत, तुम्ही पाहिली नाहीत. गुलाबी रंग, भिंतीवर फुलपाखरं काढलेली, आत पांढऱ्या फरश्या. आणि दाराला कुलूप. सुंदर शाळेच्या स्पर्धेची तपासणी यायची आहे, तोवर खराब व्हायला नकोत म्हणून. मुली मागच्या वेड्या बाभळींत जातात, नाहीतर सकाळपासून पाण्याला शिवतच नाहीत. शिवानीने सरांना जाऊन सांगितलं. सर म्हणाले, "बघू." आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आणि मुक्तिसंग्रामाच्या झेंड्याचा दिवस उजाडला. तुम्हाला तो दिवस किती आवडायचा, पांढरी टोपी घालून सगळ्यांच्या आधी मैदानात. त्या दिवशी भोंगा मोठा लावतात, पार नदीपर्यंत आवाज जातो. तालुक्याचे पाहुणे खुर्च्यांवर, गाव सगळं मैदानात. मी बायांच्या घोळक्यात उभी होते, पोरांना वाटायच्या गोळ्यांचा डबा काखेत घेऊन. सुविचार झाला, दिनविशेष झाला, बातम्या झाल्या. मग आपल्या लेकीने कागद पालटला.

"आणि आता आपल्या शाळेची ताजी बातमी. मुलींसाठी बांधलेल्या नव्या स्वच्छतागृहाला बांधल्यापासून कुलूप आहे. त्यामुळे अनेक मुली शाळेत दिवसभर पाणी पीत नाहीत. एक मुलगी आजारी पडली आहे. कुलूप कधी उघडणार असे विचारले असता 'बघू' असे उत्तर मिळाले. बातमी देणारी, शिवानी."

अहो, पेटी वाजवणाऱ्या बाईंचा हात पट्ट्यांवर पडला आणि नको तो सूर निघाला. माझ्या शेजारी उभी असलेली सुमनबाई म्हणते, "काय म्हनाली वो पोरगी? साफसफाईचं हाय व्हय?" दुसरीने तिच्या कानात सांगितलं. मग सगळ्यांचे पदर तोंडाला! धरणी पोटात घेईल तर बरं असं मला झालं. सरांकडे बघायची हिंमत झाली नाही. बघितलं तेव्हा ते पाहुण्यांशेजारी मान खाली घालून बसले होते, हातातला गुलाब तसाच.

घरी आल्यावर मी तिला नाही नाही ते बोलले. "बाप न्हाई तुला, जरा तरी भान ठेव! पोरांसमोर, पावण्यांसमोर असलं बोलत असतेत का?"

ती म्हणाली, "मग कुनासमोर बोलू? बाभळीत बसून बोलू?"

  मी विचारलं, आधी मला का नाही सांगितलंस. तर म्हणाली, "तुला सांगितलं असतं तर तू गप बस म्हनली असतीस." ते मात्र खरं आहे. मी तेच म्हणाले असते.

कोणीतरी मोबाईलवर काढलं होतं. दोन दिवसांत सगळ्या ग्रुपांवर फिरलं. मग एक दाढीवाला माईक घेऊन दुकानात आला, कुठल्याशा चॅनलचा म्हणे. आजारी मुलीचं नाव सांग, घर दाखव, म्हणायला लागला. शिवानी म्हणाली, "तिला विचारल्याशिवाय न्हाई सांगत." तो चिडून गेला आणि आपल्या मनाने टाकलं, 'चिमुकलीने फोडली हेडमास्तरांच्या पापाची हंडी!' चिमुकली! माझ्यापेक्षा टीचभर उंच झाली आहे ती. तिने तो व्हिडिओ पाहिला आणि रडली. म्हणाली, "मी पाप म्हनलेच न्हवते. मी फक्त कुलूप म्हनले व्हते."

त्यानंतर सर आले. बाकड्यावर बसले, जिथे तुमच्याशी गप्पा मारत बसायचे तिथेच. चहा नको म्हणाले. कधी नको म्हणाले होते का हो ते? 

"वैनी, मला आधी सांगायचं की."

"सांगितलं व्हतं म्हनती, सर."

"सांगितलं व्हतं," म्हणाले. मग आवाज खाली आला. "पाण्याची लाईन न्हाई तिथं. झाडायला मानूस न्हाई. उघडं ठेवलं तर महिन्यात वाटोळं व्हतंय, मंग तपासणीला काय दाखवू? शाळेला नंबर आला तर खोल्या भेटतेत. पोरांसाठीच करायलोय ना मी हे सगळं?"

मला त्यांचं पटलं. खोटं कशाला सांगू? कपाटातले काचेचे कप आठवले. माहेराहून आलेले, निळ्या फुलांचे. तुम्ही किती वेळा म्हणालात, "ह्या कपात आपण कवा चहा प्यायचा गं?" आणि मी म्हणायचे, पावण्यांसाठी आहेत, फुटले तर? आपल्या लोकांची रीतच ती, चांगलं ते पाहुण्यासाठी झाकून ठेवायचं. सरांनी तेच केलं. फक्त कप न वापरल्याने कोणी आजारी पडत नाही.

भावजींचा रोज फोन. "वैनी, सही करा आन् मोकळ्या व्हा. पोरीची जात हाय. उद्या सोयरिकीला लोक येतील, तवा हाच व्हिडिओ दाखवतील. दादा असता तर गोष्ट निराळी." दादा असता तर! तुम्ही असता तर काय केलं असतं याचा अंदाज या घरात सगळ्यांना आहे, भावजींनासुद्धा. तुमचं नाव घेऊन तुमच्या उलट वागायला सांगतात, आणि माया करतात म्हणून मला उलटून बोलता येत नाही.

काल शनिवारी शाळेत बोलावलं. सर, शाळेचे अध्यक्ष पाटील, भावजी आणि मी. अध्यक्ष यायला खूप उशीर झाला. तोवर आम्ही ऑफिसात बसून. सरांनी चहा मागवला, पाणी मागवलं, पुन्हा चहा. हाताला काही काम नव्हतं, म्हणून मी समोर येईल ते पीत राहिले. पाटील आले, त्यांनी कागद पुढे सरकवला. 'मी वाचलेली बातमी ऐकीव व चुकीची होती, त्याबद्दल मी क्षमा मागते.' हे शिवानीने सोमवारी वाचायचं. खाली पालकाची सही.

"करा सही, म्हंजे विषय संपला," पाटील म्हणाले. "न्हाई तर मंडळ बंद करावं लागंल. असलं शिकवायला शाळा काढली न्हाई आपण."

भावजींनी खिशातला पेन उघडून माझ्या हातात दिला. मी सही करणार होते, अहो. देवाशपथ करणार होते. पण एवढं पाणी पिऊन बसलेली बाई मी. मला राहवेना. सगळ्या पुरुषांत ते सांगायचं कसं? शेवटी म्हणाले, "सर, आधी जरा जाऊन येते. चावी द्या."

"कसली चावी?" पाटलांनी विचारलं.

सरांना कळलं. ते उठले. ड्रॉवर उघडला, दुसरा उघडला. चाव्यांचा जुडगा घेऊन माझ्यापुढे चालत निघाले. गुलाबी भिंतीपाशी आलो. फुलपाखरं छान काढली आहेत, खोटं नाही. सरांनी एक चावी लावून पाहिली. मग दुसरी. मग तिसरी. कुलपावर पावसाने गंज चढला होता. त्यांची मान घामाने भिजली होती आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. व्हरांड्यात शनिवारच्या जादा तासाच्या मुली उभ्या राहून बघत होत्या. एकही हसली नाही. मला वाटलं, हाच माणूस त्या दिवशी तुम्हाला वाचवायला शंभरच्या वेगाने धावला होता आणि आज त्याला एक कुलूप उघडता येत नाही. मला त्यांची एवढी कीव आली, आणि त्याच वेळी एवढी घाईही झाली होती, की रडावं का हसावं ते समजेना!

"वैनी," ते कुलपाकडेच बघत म्हणाले, "चावी कुठं हाय, मलाच ठाऊक न्हाई."

मी तशीच कुंपणातून शेख भाभींच्या घरी गेले. त्यांच्या बाथरूममधून बाहेर आले तर सानिया खाटेवर बसलेली. चेहरा चिमणीएवढा झालाय. भाभींनी पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाल्या, "बाजी, मेरी बच्ची का नाम नहीं ली तुमारी बेटी. वो टीव्हीवाला कितना पूछा, फिर भी नहीं बोली." आणि पदराने डोळे पुसले. सानिया म्हणाली, "काकू, शिवानीला माफी मागायची हाय म्हनं. माझ्यामुळं झालं ना?" त्या पोरीला काय सांगायचं होतं मी? नाही बाळा, तुझ्यामुळे नाही, एवढंच म्हणाले आणि ऑफिसात परत न जाता सरळ घरी आले. पेन माझ्याच हातात राहिला. भावजी त्यावरूनही चिडलेत.

संध्याकाळी शिवानीला समोर बसवलं. म्हटलं, तुझं काय म्हणणं आहे ते एकदा नीट सांग.

"मी माफी मागते, आई," म्हणाली. "झेंड्याच्या दिवशी वाचली, सरांना चारचौघांत खाली बघावं लागलं, त्याची मागते. मला खरंच वाईट वाटलंय. पण बातमी चूक होती असं न्हाई म्हनणार. ती चूक न्हवती."

"आणि माईक काढून घेतला तर?"

  ती उठून आत गेली. काल रात्रीपासून ती पुन्हा जेव म्हटलं की जेवते आणि झोप म्हटलं की झोपते. तेव्हासारखीच.  सही केली तर तिच्याच तोंडून तिला खोटं ठरवायचं. नाही केली तर तिचा आवाज जाणार. दोन्हीकडून माझीच पोर मुकी होणार! तुम्ही तिला हे शिकवलंत, आणि निभवायच्या वेळी निघून गेलात. हे बरं केलं नाहीत. मला हे तुम्हाला तोंडावर बोलायचं होतं.

पण लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली. इतके दिवस सगळे तिलाच विचारत आहेत, तू कशावरून म्हणतेस? आणि मीही तेच विचारत होते. आता मी विचारू शकत नाही. तुमचा तो प्रश्न आठवा, त्यानं डोळ्यानं बघितलं का? मी बघितलं आहे. मी त्या दारासमोर उभी होते. म्हणजे ही बातमी आता तिच्या एकटीची राहिली नाही.

भीती वाटते हो. पाटलांच्या घरचं सामान आपल्याकडून जातं, ते बंद होईल. भावजी बोलायचे नाहीत. सर पुन्हा बाकड्यावर बसणार नाहीत, याचं सगळ्यात जास्त वाईट वाटेल. कदाचित मंडळ बंदही होईल. यातलं काहीही माझ्या हातात नाही.

जे हातात आहे ते करते, तुम्हाला शब्द देते. आत्ता उन्हं उतरली की आधी सरांच्या घरी जाईन. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी सांगून यायचं, तुमचा नेम मोडणार नाही. ज्या गाडीतून त्यांनी तुम्हाला नेलं तिचं ऋण मी विसरले नाही, हेही सांगेन. त्या सहीच्या कागदाचं मात्र माझ्याकडून होणार नाही, तेही सांगेन. आणि शिवानीला आज निळ्या फुलांच्या कपात चहा देईन. फुटला तर फुटला.

उद्या सकाळी परिपाठाच्या आधी दह्याची ओळ पुसून टाकेन. पोरं शाळेला जातात ती आपल्याच दारावरून. फळ्यावर लिहीन, 'शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे. शनिवारी मी स्वतः पाहिले. शिवानीने दिलेली बातमी खरी आहे.' तिचा माईक राहिला किंवा गेला, शाळेत पाऊल टाकण्याआधी तिला हे वाचायला मिळेल.

आणि खाली नाव लिहीन. तुम्ही गेल्यापासून मला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही. वैनी, काकू, बाजी, शिवानीची आई, यातच दिवस जातो. फळ्यावर लिहायचं म्हटलं तर क्षणभर आठवावं लागलं. खडू दाबून धरेन आणि अक्षर मोठं काढेन, तुम्हाला तिथून मुंग्या दिसायला नकोत.

तुमची,
महानंदा